सौंदर्यवैद्यक व त्वचानिगा यांतील संज्ञा
सौंदर्यवैद्यक : शरीराच्या, विशेषतः त्वचा, केस व नखे यांच्या, दर्शनी स्वरूपात इष्ट बदल घडविण्यासाठी वैद्यकीय ज्ञान व साधने वापरणारी वैद्यकाची शाखा. त्वचानिगा ही तिच्याहून व्यापक व जुनी गोष्ट होय. स्नान, अभ्यंग, उटणे, शिकेकाई यांपासून आजच्या मलमांपर्यंत त्वचा स्वच्छ, मऊ व निरोगी राखण्याचे सर्व उपाय तीत येतात. या दोहोंच्या सीमेवर गेल्या पन्नास वर्षांत संज्ञांची मोठी गर्दी झाली आहे. त्यांपैकी काही शास्त्रीय, काही कायद्याच्या, तर काही केवळ विक्रेत्यांनी रूढ केलेल्या आहेत. वेष्टनावर वा फलकावर त्या एकाच टंकात छापल्या जात असल्याने सामान्य वाचकास त्यांतील भेद कळत नाही व त्याची किंमत पुष्कळदा त्वचेला मोजावी लागते. प्रस्तुत नोंदीत या संज्ञांचा अर्थ देताना उदाहरणे शक्यतो रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांच्या परिसरातून घेतली आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा प्रदेश अतिपर्जन्याचा व भातशेतीचा आहे. ठाकूर व कातकरी या जमातींची वस्ती येथे मोठी आहे. शिवाय कर्जत व खोपोली ही मुंबईच्या उपनगरी रेल्वेची अखेरची स्थानके असल्याने महानगरातील नवे उपचार आणि नव्या जाहिराती येथे लगोलग पोहोचतात.

पुनर्रचना व सौंदर्य : रोग, अपघात वा जन्मजात दोष यांमुळे बिघडलेला अवयव पूर्ववत करणे म्हणजे पुनर्रचना, तर निरोगी अवयवाचे रूप बदलणे म्हणजे सौंदर्योपचार, असा भेद केला जातो. दोहोंची तंत्रे मात्र एकाच मुळातून आलेली आहेत. ‘प्लॅस्टिक शल्यचिकित्सा’ या संज्ञेतील ‘प्लॅस्टिक’चा कृत्रिम पदार्थाशी संबंध नाही. ‘घडविणे, आकार देणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ती आली आहे. या शास्त्राच्या आधुनिक इतिहासातील एक महत्त्वाची शस्त्रक्रिया महाराष्ट्रातच झाली. इंग्रजी सैन्यात बैलगाडी हाकणाऱ्या कावसजी नावाच्या इसमास टिपूच्या सैनिकांनी पकडून त्याचे नाक व एक हात छाटला होता. १७९३ मध्ये पुण्याजवळ एका पारंपरिक वैद्याने त्याच्या कपाळावरील त्वचेचा पदर वळवून नवे नाक तयार केले. त्याचे सचित्र वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये तीवर पुस्तक लिहिले. सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या नासासंधानाच्या परंपरेशी या पद्धतीचे नाते आहे. विसाव्या शतकात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक शल्यचिकित्सेचा विभाग उभारणारे नोशिर अंतिया (१९२२–२००७) यांनी हे तंत्र कुष्ठरोगाने आलेली विरूपता दूर करण्यासाठी वापरले. नाक, भुवई व हात पूर्ववत झाल्याविना कुष्ठमुक्त माणसाला समाज परत घेत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९७० च्या दशकात याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील मांडवा परिसरात त्यांनी ग्रामीण आरोग्याचे कामही केले. सौंदर्य ही केवळ चैनीची बाब आहे, असे म्हणणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

त्वचेचे स्तर व वर्ण : त्वचेचे बाह्यत्वचा व अंतस्त्वचा असे दोन मुख्य स्तर असून त्यांखाली मेदाचा थर असतो. बाह्यत्वचा बहुतेक ठिकाणी सु. ०·१ मिमी. जाडीची असते. तिच्या तळाशी तयार होणाऱ्या कोशिका वर सरकत जाऊन सु. चार आठवड्यांत मृत शल्कांच्या रूपाने झडतात. म्हणूनच कोणतेही लेपद्रव्य ‘तीन दिवसांत नवी त्वचा’ देऊ शकत नाही. अंतस्त्वचेत कोलॅजेन व इलॅस्टिन या प्रथिनांचे तंतू असतात. पहिल्याने त्वचेला बळकटी व दुसऱ्याने लवचिकपणा येतो. वयोमानाने व सूर्यप्रकाशाने हे तंतू क्षीण झाले म्हणजे सुरकुत्या पडतात. कोलॅजेनयुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमातील कोलॅजेनाचा रेणू मोठा असल्याने तो बाह्यत्वचा भेदून आत जात नाही. त्याने वरचा थर ओलसर राहतो, एवढेच.

त्वचेचा वर्ण कृष्णरंजक (मेलॅनीन) या द्रव्यावर अवलंबून असतो. ते तयार करणाऱ्या कोशिकांची संख्या गोऱ्या व काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो रंजककणांचा आकार, प्रमाण व वाटणी यांमुळे. अमेरिकन त्वचावैज्ञानिक टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाने भाजण्याची व काळवंडण्याची प्रवृत्ती पाहून त्वचेचे प्रकार पाडले. पुढे त्यांची संख्या सहा झाली. कोकणातील बहुसंख्य लोक चौथ्या व पाचव्या प्रकारांत मोडतात. हे प्रकार सौंदर्याची प्रतवारी नव्हेत. प्रकाशोपचाराची व लेसरची मात्रा ठरविण्याचे ते साधन होय. काळसर त्वचेला उन्हाने होणारी इजा व त्वचेचा कर्करोग यांपासून अधिक संरक्षण असते, परंतु कोणत्याही दाहानंतर तिच्यावर काळे डाग राहण्याची प्रवृत्तीही अधिक असते. या डागांना ‘दाहोत्तर अतिरंजन’ म्हणतात. मुरुम, डासाचा दंश, भाजणे, चुकीचे मलम वा अतितीव्र लेसर यांपैकी कशानेही ते होऊ शकते. पाश्चात्त्य पुस्तकातील उपचार जसाच्या तसा येथे का लागू पडत नाही, हे या एका संज्ञेवरून समजते.

डागांची नावे : लोकभाषेत त्वचेच्या विकारांना नेमकी नावे आहेत व ती जपण्याजोगी आहेत. ‘वांग’ म्हणजे गाल, कपाळ व वरचा ओठ यांवर सममितपणे पडणारे तपकिरी डाग. ऊन, गरोदरपण, संततिनियमनाच्या गोळ्या व आनुवंशिकता ही त्याची कारणे असून उन्हात भाताची लावणी व कापणी करणाऱ्या आणि वीटभट्टीवर राबणाऱ्या स्त्रियांत तो सहज वाढतो. ‘शिबे’ हे यीस्टसारख्या कवकामुळे छाती, पाठ व मान यांवर उमटणारे फिकट वा काळपट, किंचित कोंडा सुटणारे ठिपके होत. दमट हवेत व घामात ते फोफावतात. लहान मुलांच्या गालांवरील पुसट पांढुरके चट्टे बहुधा कोरडेपणाचे असतात. ते जंतांमुळे होतात, हा समज निराधार आहे. ‘कोड’ हा रंजककोशिका नष्ट झाल्याने होणारा खडूसारख्या पांढऱ्या डागांचा विकार असून तो संसर्गजन्य नाही. तो कुष्ठरोगाचा प्रकारही नाही. ‘पांढरे कुष्ठ’ या जुन्या नावाने दोहोंची गल्लत होऊन अनेकांची लग्ने मोडली आहेत. कपाळावर नेमक्या टिकलीच्या जागी पडणारा पांढरा डाग हा आणखी वेगळा प्रकार होय. काही टिकल्यांच्या गोंदातील फिनॉल वर्गातील रसायन तेथील रंजककोशिका मारते, त्याने तो उद्भवतो. टिकली तत्काळ बंद करणे हा त्यावरील पहिला उपाय होय.

या सर्वांत ज्याची ओळख चुकता कामा नये, असा एक डाग आहे. कुष्ठरोगाचा आरंभीचा चट्टा आसपासच्या त्वचेहून फिकट वा तांबूस असतो. तो खाजत नाही, दुखत नाही व त्यावरील संवेदना कमी झालेली वा नाहीशी झालेली असते. डोळे मिटून कापसाच्या बोळ्याचा स्पर्श कळतो का, हे पाहण्याची परीक्षा कोणताही आरोग्यसेवक करू शकतो. चट्टा दुखत नसल्यामुळेच त्याकडे दुर्लक्ष होते. तो ‘रंग एकसारखा करणाऱ्या’ मलमाखाली महिनोन्‌महिने झाकला जातो व तेवढ्या अवधीत तंत्रिकेला कायमची इजा होऊन बोटे वाकडी होतात. बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो. ही औषधे सरकारी आरोग्यकेंद्रांत मोफत मिळतात व उपचार सुरू होताच संसर्गाची शक्यता झपाट्याने नाहीशी होते. ज्या त्वचाविकारात प्रसाधनाचा विचार करण्यापूर्वी निदान झालेच पाहिजे, असा हा प्रमुख विकार होय.

पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्यांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत ‘चिखल्या’ होतात. त्वचा पाण्याने फुगून पांढरी पडते, सोलवटते व तेथे कवक आणि जंतू यांचा संसर्ग होतो. वार्षिक ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात हा विकार घरोघर आढळतो. पाय धुऊन कोरडे करणे, रात्री बोटांत अंतर राखणे व कवकरोधी मलम लावणे एवढ्यावर तो आटोक्यात येतो. ‘गजकर्ण’ अथवा ‘नायटा’ हा कवकसंसर्गच असून कडेने पसरणारी गोलाकार खाजरी रेषा हे त्याचे लक्षण होय. याच विकाराच्या संदर्भात पुढील संज्ञेला फार महत्त्व आले आहे.

प्रसाधन व औषध : भारतात १९४० च्या औषध कायद्यात १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनांचा समावेश करण्यात आला. स्वच्छता, सुशोभन, आकर्षकता वाढविणे वा रूप बदलणे यांसाठी शरीरावर चोळण्याचे, ओतण्याचे, शिंपडण्याचे वा लावण्याचे द्रव्य म्हणजे प्रसाधन, असा त्याचा मथितार्थ आहे. रोगाचे निदान, उपचार वा प्रतिबंध यांसाठी असलेले द्रव्य औषध ठरते. २०२० मध्ये प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियमावली करण्यात आली. ‘कॉस्मेस्यूटिकल’ हा दोहोंचा संकर दर्शविणारा शब्द जाहिरातींत वारंवार आढळतो, पण भारतीय कायद्यात तशी कोणतीही कोटी नाही. औषधविषयक नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात, जे बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही अशा बाबींच्या यादीत, त्वचेच्या गोरेपणाचाही उल्लेख आहे. गोरेपणाची मलमे प्रसाधन म्हणून विकली जातात, त्यामागचे हे एक कारण होय. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या अशा सर्वांत प्रसिद्ध भारतीय मलमाच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द उत्पादकांनी २०२० मध्ये काढून त्या जागी ‘ग्लो’ हा शब्द घातला. तेव्हापासून ‘उजळपणा’, ‘चमक’ व ‘तेज’ या शब्दांचा भाव वाढला आहे. त्यांना मोजता येण्याजोगा वैद्यकीय अर्थ नाही.

स्टेरॉइडयुक्त मलम : बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन इ. द्रव्ये ही अधिवृक्क ग्रंथीच्या स्रावासारखी कार्य करणारी प्रभावी दाहशामक औषधे आहेत. इसब, सोरियासिस, कोडाचे काही प्रकार यांत त्यांना पर्याय नाही. म्हणून ‘स्टेरॉइड’ या शब्दाचीच भीती बाळगणे योग्य नव्हे. दोष आहे तो निदानाविना व मुदतीविना केलेल्या वापरात. चेहऱ्यावर लावल्यास ती आरंभी रक्तवाहिन्या आकुंचित करतात व रंजकनिर्मिती घटवितात. त्यामुळे आठवड्याभरात चेहरा नितळ व उजळ दिसतो आणि वापरणारीचा विश्वास बसतो. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, बारीक तांबड्या शिरा दिसू लागतात, मुरुम येतात व नको तेथे लव वाढते. मलम थांबवताच चेहरा लाल होऊन आग होते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. या अवस्थेला ‘स्टेरॉइडग्रस्त’ वा ‘स्टेरॉइडावलंबी’ चेहरा म्हणतात. भारतातील बारा केंद्रांतील चेहऱ्याच्या तक्रारींच्या २,९२६ रुग्णांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सु. १५ टक्के रुग्ण अशी मलमे वापरीत असल्याचे आढळले. नायट्यावर स्टेरॉइड, कवकरोधी व प्रतिजैविक यांचे मिश्रण लावल्यास खाज तत्काळ थांबते, परंतु कवक मात्र वाढत राहते. डागाचे रूप इतके पालटते की जाणत्या वैद्यालाही तो ओळखणे अवघड जाते. त्यास ‘छद्म नायटा’ असे म्हणता येईल. एकाच घरातील सर्वांना वर्षानुवर्षे नायटा असण्यामागे पुष्कळदा अशी वीसपंचवीस रुपयांची नळी असते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी मलमे वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकण्याची सवलत काढून घेतली. नळीवर ‘अनुसूची एच’ अशी सूचना व तांबडी रेघ असल्यास ते प्रसाधन नसून औषध आहे, एवढे ओळखणे प्रत्येकास शक्य आहे.

वांगावर दिल्या जाणाऱ्या ‘त्रिमिश्र’ मलमाचे मूळ अमेरिकन त्वचावैज्ञानिक ॲल्बर्ट क्लिगमन व त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या योगात आहे. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व एक स्टेरॉइड ही तीन द्रव्ये होती. काही आठवड्यांपुरता, देखरेखीखाली वापरण्याचा हा उपचार आपल्याकडे रोजच्या स्नोप्रमाणे वर्षानुवर्षे लावला जातो. हायड्रोक्विनोनाच्या प्रदीर्घ वापराने जेथे डाग घालवायचा तेथेच निळसर-काळे, न जाणारे डाग पडू शकतात.

पारा : पाऱ्याची लवणे कृष्णरंजकाच्या निर्मितीतील विकराला अडवितात, म्हणून गोरेपणाच्या स्वस्त मलमांत ती चोरून घातली जातात. पारा त्वचेवाटे रक्तात जाऊन मूत्रपिंडात साचतो. भारतीय नियमांनुसार डोळ्यांसाठीच्या प्रसाधनांखेरीज इतरांत अनाहूतपणे आलेला पारादेखील दशलक्ष भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. पाऱ्यासंबंधीच्या २०१३ च्या मिनामाता आंतरराष्ट्रीय कराराचाही प्रसाधनांवर रोख आहे. भारताने हा करार २०१८ मध्ये मान्य केला. तथापि अकोला येथे एकाच घरातील तीन स्त्रियांना असे मलम वापरल्यानंतर मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे २०२३ च्या आरंभी उघडकीस आले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात केलेल्या तपासणीत त्या मलमात पाऱ्याचे प्रमाण अनुज्ञेय मर्यादेच्या कित्येक पट आढळले. उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक व घटकांची यादी नसलेली डबी कोणीही दिली, तरी ती वापरू नये. पायांवर सूज व फेसाळ लघवी ही अशा मलमाच्या वापरात तत्काळ तपासणी करण्याची लक्षणे होत.

वेष्टनावरील शब्द : ‘एसपीएफ’ किंवा सूर्यसंरक्षण गुणांक म्हणजे लेप लावलेली त्वचा लाल होण्यास लागणारी किरणमात्रा व उघडी त्वचा लाल होण्यास लागणारी मात्रा यांचे गुणोत्तर. गुणांक १५ असता त्वचा लाल करणाऱ्या किरणांपैकी सु. ९३ टक्के, ३० असता ९७ टक्के व ५० असता ९८ टक्के अडविले जातात. म्हणजे गुणांक दुप्पट झाला म्हणून संरक्षण दुप्पट होत नाही. शिवाय ही मापे दर चौ. सेंमी.स २ मिग्रॅ. इतका जाड थर देऊन घेतलेली असतात. व्यवहारात लोक त्याच्या निम्माही लावीत नाहीत. हा गुणांक मुख्यत्वे २९० ते ३२० नॅनोमीटर लांबीच्या ‘बी’ वर्गातील जंबुपार किरणांविषयी सांगतो. ३२० ते ४०० नॅनोमीटरचे ‘ए’ वर्गातील किरण काचेतूनही येतात व काळवंडणे आणि सुरकुत्या यांस कारण होतात. त्यांच्यापासूनचे संरक्षण ‘पीए’ या अक्षरांपुढील अधिक चिन्हांनी दर्शविण्याची पद्धत जपानमध्ये सुरू झाली. दोन्ही वर्गांना अडविणाऱ्या लेपास ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ म्हणतात. वांग असलेल्यांना दृश्य प्रकाशही बाधतो, म्हणून त्यांच्यासाठी लोहाची ऑक्साइडे असलेला रंगीत लेप अधिक उपयुक्त ठरतो. शेतात घाम गाळणाऱ्या स्त्रीने दर दोन तासांनी असा लेप लावावा, हे सांगणे सोपे व आचरणे अशक्य आहे. तिच्यासाठी डोक्यावरून पुढे ओढलेला सुती पदर आणि रुंद काठाची टोपी हीच अधिक भरवशाची साधने होत.

‘मॉइश्चरायझर’ म्हणजे त्वचेतील ओलावा टिकविणारे द्रव्य. ग्लिसरिनासारखी काही द्रव्ये पाणी धरून ठेवतात, पेट्रोलियम जेलीसारखी काही बाष्पीभवन रोखतात. महाग व स्वस्त मॉइश्चरायझरांतील फरक पुष्कळदा सुगंधाचा व डबीचा असतो. ‘सीरम’ हा रक्तद्रवाशी काहीही संबंध नसलेला, पातळ व अधिक संहत लेपाचा व्यापारी शब्द होय. ‘नॉन-कोमेडोजेनिक’ म्हणजे रंध्रे न बुजविणारे. ही कल्पना सशाच्या कानावर केलेल्या परीक्षांतून आली असून मानवी त्वचेला ती तंतोतंत लागू पडत नाही. ‘हायपोॲलर्जेनिक’ म्हणजे अधिहर्षतेची शक्यता कमी असलेले, मुळीच नसलेले नव्हे. ‘त्वचावैद्यांनी तपासलेले’ या शब्दांवरून किती जणांवर, कशासाठी व काय तपासले, हे कळत नाही. ‘रेटिनॉइड’ हे जीवनसत्त्व अ वर्गातील द्रव्य मुरुम व सुरकुत्या यांवर गुणकारी ठरले आहे, पण ते गरोदरपणी टाळावे.

‘नैसर्गिक’ हा शब्द सर्वाधिक फसवा आहे. या भागातील रानात मिळणारा बिब्बा पूर्णतः नैसर्गिक आहे, पण त्याच्या तेलाने त्वचा भाजून फोड येतात व काळे व्रण राहतात. दुखऱ्या भागावर बिब्बा घालण्याच्या प्रथेचे असे व्रण घेऊन येणारे रुग्ण त्वचावैद्यांच्या परिचयाचे आहेत. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास प्रकाशजन्य दाह होतो. उलट ‘रसायनमुक्त’ असे काही असूच शकत नाही, कारण पाणी हेही रसायनच होय.

उपचारपद्धती : ‘पील’ अथवा रासायनिक निर्मोचन म्हणजे अम्ल लावून त्वचेचा वरचा थर नियंत्रितपणे सोलणे. उसातील ग्लायकॉलिक, दुधातील लॅक्टिक, तसेच सॅलिसिलिक व ट्रायक्लोरोॲसिटिक ही अम्ले त्यासाठी वापरतात. उथळ, मध्यम व खोल असे तीन प्रकार असून खोल निर्मोचन काळसर त्वचेस वर्ज्य मानतात. ‘मायक्रोनीडलिंग’ म्हणजे बारीक सुयांनी सूक्ष्म छिद्रे पाडून अंतस्त्वचेत नवे कोलॅजेन निर्माण होण्यास चालना देणे. मुरुमांच्या खड्ड्यांवर त्याचा उपयोग होतो. ‘पीआरपी’ म्हणजे रुग्णाच्याच रक्तातील बिंबिकासमृद्ध द्रवाचे अंतःक्षेपण. केसगळतीच्या काही प्रकारांत तो काही प्रमाणात उपयुक्त ठरतो. त्वचा उजळण्यासाठी शिरेतून ग्लुटाथायोन देण्याला मात्र पुरेसा शास्त्रीय आधार नाही. फिलिपीन्सच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याविरुद्ध २०११ मध्येच इशारा दिला होता.

लेसर म्हणजे एकाच तरंगलांबीचा, एकवटलेला प्रकाशझोत. पहिला लेसर टीओडोर मायमन यांनी १९६० मध्ये तयार केला. योग्य तरंगलांबी व योग्य कालावधीचा स्पंद निवडल्यास आसपासच्या ऊतकाला इजा न होता केवळ लक्ष्य जळते, हे तत्त्व रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडले व आजचे बहुतेक त्वचालेसर त्यावर आधारलेले आहेत. केस काढताना लक्ष्य असते केसातील कृष्णरंजक. काळसर त्वचेत तेच द्रव्य बाह्यत्वचेतही असल्याने चुकीच्या लेसराने त्वचाच भाजते. म्हणून १,०६४ नॅनोमीटर लांबीचा, खोलवर जाणारा लेसर तीस अधिक सुरक्षित असतो. ‘आयपीएल’ हा अनेक तरंगलांब्यांचा प्रकाश असून तो लेसर नव्हे. ‘केस कायमचे काढणे’ हा दावाही सैल आहे. ‘केसांत दीर्घकाळ टिकणारी घट’ हे अचूक वर्णन होईल.

गोंदण काढणे हे लेसरचे एक लक्षणीय उदाहरण होय. ठाकूर स्त्रियांच्या कपाळावर व हातांवर सुईने गोंदलेल्या आकृती असत व वृद्ध स्त्रियांत त्या आजही दिसतात. काजळीचे कण अंतस्त्वचेत गेल्यामुळे गोंदण निळसर-हिरवे दिसते व आयुष्यभर टिकते. काही अब्जांश सेकंद टिकणाऱ्या लेसरस्पंदांनी हे कण फुटतात व भक्षककोशिका त्यांना हळूहळू वाहून नेतात. त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. काळ्या गोंदणावर परिणाम चांगला होतो, तथापि त्या जागी फिकट डाग राहण्याचा संभव असतो. तेजाब, चुना वा बिब्बा लावून गोंदण जाळण्याचे घरगुती प्रयत्न मात्र हटकून व्रण ठेवतात. गोंदणाचा सांस्कृतिक अर्थ हा वेगळा विषय आहे [→ गोंदणे]. ते काढावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार ज्या स्त्रीच्या कपाळावर ते आहे तिचा होय.

‘बोटॉक्स’ हे बोट्युलिनम विषाच्या एका व्यापारी उत्पादनाचे नाव असून ते आता सर्वच प्रकारांना लावले जाते. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूपासून मिळणारे हे विष तंत्रिका व स्नायू यांमधील संदेश अडविते. ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरात आणले व अमेरिकेत १९८९ मध्ये त्यास मान्यता मिळाली. व्हँकूव्हरचे नेत्रवैद्य जीन व त्वचावैद्य ॲलिस्टर कॅरुदर्स या दांपत्याने १९९२ मध्ये भुवयांमधील आठ्यांवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. त्यासाठीची मान्यता २००२ मध्ये मिळाली. परिणाम सु. तीन ते चार महिने टिकतो. ‘फिलर’ हे याहून भिन्न आहे. त्यात स्नायू शिथिल करीत नाहीत, तर खोलगट भाग भरून काढतात. बहुधा हायल्युरॉनिक अम्लाचा जेल वापरतात. कार्ल मायर व जॉन पामर यांनी हे अम्ल १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातील काचाभ द्रवातून वेगळे केले होते. जेल चुकून रोहिणीत शिरल्यास त्वचेचा तुकडा मृत होतो व क्वचित दृष्टीही जाते. अशा वेळी जेल विरघळविणारे हायल्युरॉनिडेज हे विकर तत्काळ द्यावे लागते. ते जवळ नसलेल्या ठिकाणी फिलर घेऊ नये.

उपचार करणाऱ्यांच्या उपाध्या : ‘त्वचावैद्य’ म्हणजे वैद्यकाची पदवी व त्यानंतर त्वचारोगशास्त्रातील पदव्युत्तर पदवी वा पदविका असलेली व्यक्ती. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’, ‘ईस्थेटिशियन’, ‘स्किन थेरपिस्ट’ इ. उपाध्यांमागे काही आठवड्यांचा अभ्यासक्रमही असू शकतो. त्यांपैकी एकही उपाधी वैद्यकीय नोंदणीची जागा घेत नाही. सौंदर्यप्रसाधनगृहात मुखलेप व साधी स्वच्छता करण्यास हरकत नाही. जेथे सुई, तीव्र अम्ल वा लेसर येतो, तेथे नोंदणीकृत वैद्य हवा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया व केशरोपण यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. कार्यशाळेस उपस्थित राहणे वा चित्रफिती पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत स्पष्ट केले आहे. उपचारापूर्वी औषधाचे नाव, मात्रा, अपेक्षित परिणाम व संभाव्य अपाय रुग्णाच्या भाषेत सांगून लेखी संमती घेणे आवश्यक असते. संमतिपत्र पुष्कळदा इंग्रजीत असते. ते मराठीतून वाचून दाखविण्याची मागणी रुग्णाने निःसंकोच करावी. महाराष्ट्रात आधुनिक वैद्यकाच्या वैद्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते व नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापणे वैद्यावर बंधनकारक आहे.